चौसष्ट कान मेंढ्यांचे, पासष्टावा माझा

१७ ऑगस्ट

अग्लाइया, आधी चष्मा शोध. कपाळावर आहे. उद्या तूच ही वही मला वाचून दाखवशील आणि मध्येच विचारशील, "अगं स्टामुलो, अक्षर ओळखीचं वाटतंय, कुणाचं गं?" म्हणून पहिल्याच ओळीत लिहून टाक. सांगणारी मी, लिहिणारी तू. तू माझी नणंद. तीस वर्षं गावातला एकुलता एक टेलिफोन सांभाळलास, सगळ्यांची बोलणी चोरून ऐकलीस आणि आता त्यातलं एक आठवत नाही. लोक म्हणतात, एकीला ऐकू येत नाही, दुसरीला आठवत नाही, दोघी मिळून एक धड बाई होते. मला ऐकू येतं. लोकांच्या गळ्यातच जीव उरलेला नाही.

वही कशासाठी, तेही लिही. गेल्या महिन्यात भर दुपारी धुकं उतरलं आणि लांडगे आले. मी चाळीस पावलांवर दगडावर बसून लोकर कातत होते. अकरा मेंढ्या गेल्या. लाम्ब्रोस म्हणतो, कुत्री भुंकत होती, घंटा वाजत होत्या, खालच्या वाडीपर्यंत ऐकू गेलं. मी म्हणते, धुक्यात आवाज अडतो. तर माझा हा एकुलता एक मुलगा, पायथ्याच्या गावातला खाटीक, मला तोंड फाडून सांगून गेला, "आई, संत दिमित्रीच्या दिवसापर्यंत तुझं तू बघ. त्यानंतर कळप विकायचा. तू खाली माझ्याकडे यायचं."

संत दिमित्री म्हणजे ऑक्टोबरची सव्वीस. त्याच दिवशी आमची मेंढरं डोंगरावरून हिवाळ्यासाठी मैदानात उतरतात. सासूच्या सासूपासून उतरतात. या वर्षी उतरतील ती दुसऱ्याची म्हणून, असं त्याचं म्हणणं.

लिहून ठेव, मी दात घासले फक्त, एकमेकांवर.

२४ ऑगस्ट

शहरातल्या इस्पितळातून लाम्ब्रोसच्या दुकानी निरोप आला. दर आठवड्याला मेंढीच्या आठ मुंड्या हव्यात. शिकाऊ डॉक्टर त्यांच्यावर कानाचं ऑपरेशन शिकणार. बहिऱ्या माणसांना पुढे बरं करायचं म्हणून आधी मेलेल्या मेंढ्यांना बरं करायचं. मेंढी बिचारी जिवंतपणी चांगली ऐकत होती!

आज खाली उतरले होते, तर मुंड्या मीच तयार केल्या. शिकलेल्या लोकांकडे जायच्या, आपली अब्रू असते. विस्तवावर केस जाळले, सुरीने खरवडल्या, मिठाच्या पाण्यात धुतल्या आणि मधोमध दोन फाकी केल्या, ईस्टरला पाहुण्यासमोर ठेवाव्यात तशा. सून म्हणाली, "आई, कच्च्या हव्यात बहुतेक." मी म्हटलं, डॉक्टर असले तरी माणसंच ना, जावळासकट मुंडी कोण नेतं?

२८ ऑगस्ट

आठही मुंड्या परत. आणि मुंड्यांबरोबर एक डॉक्टर.

नाव झीसिस. बत्तीस वर्षांचा, दाराएवढा, पंजे अस्वलासारखे. असल्या पंजाच्या गड्याला मी दूध काढायलाही बसवणार नाही. लाम्ब्रोसच्या दुकानाबाहेर, ट्रकच्या पायरीवर टेकून तो मला समजावत होता की भाजल्यामुळे कानातलं सगळं शिजलं आणि फाकी केल्यामुळे उरलेलं तुटलं.

"आजी, कान आत असतो. बाहेर दिसतो ते फक्त पान."

"चाळीस वर्षं मेंढ्यांच्या कानांना खुणेचे काप मी देते," मी म्हटलं. "तू मला कान शिकव हो."

त्याने खिशातून एक काचेची डबी काढली. आत कापसावर एक हाड. तांदळाचा अर्धा दाणा. घोड्याच्या रिकिबीसारखं, पाय अडकवायची कमान आणि खाली पट्टी. म्हणे प्रत्येक कानात एक असतं, मेंढीच्या आणि माणसाच्याही. आवाज आला की ते हलतं. काही बायकांमध्ये, विशेषतः बाळंतपणांनंतर, ते हळूहळू जागीच गोठतं. मग कमान काढायची, पट्टीला केसाएवढं भोक पाडायचं आणि त्यात एक बारीक दांडी बसवायची.

"आणि तू बसवणार? या बोटांनी?"

तो लाल झाला. मोठा माणूस लाल झाला की फार जागा लाल होते.

डोंगराकडे परत येताना लाम्ब्रोसच्या ट्रकमधून त्यालाही थोडं अंतर न्यायचं होतं. ट्रकचं इंजिन म्हणजे गिरणी. तरी त्यात मला लाम्ब्रोसचं आणि त्याचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं, तसं नेहमीच येतं. मी बोललेही, "बघा, गोंगाटात माणसं नीट बोलतात, शांततेत पुटपुटतात." झीसिसने मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं, जशी मी गाभण मेंढीकडे पाहते. "आजी," तो म्हणाला, "ट्रकमध्ये जास्त चांगलं ऐकू येतं का तुला?"

नसत्या चौकशा.

१४ सप्टेंबर

तीन खेपा कच्च्या मुंड्या गेल्या, जावळासकट. जशी मागणी, तसा माल. दर शनिवारी झीसिस स्वतः मुंड्या न्यायला येतो आणि मी न विचारता हिशेब देतो. अमुक कानात कमान काढताना पट्टीच उखडली, तमुक कानात दांडी घसरली. त्याचे प्राध्यापक, व्राकास नावाचे, भिंगातून बघून एवढंच म्हणतात, "ही मेंढी बहिरी झाली." शिकवणीची ही तऱ्हा. आमच्याकडे कोकराला दूध पाजायला शिकवणारी मुलगीसुद्धा याहून जास्त बोलते.

मी विचारलं, "हात कुठे टेकवतोस?"

म्हणाला, मनगट.

"म्हणून बिघडतं. मनगट टेकवलं की बोटं दिमाख करतात. करंगळी टेकव."

तो म्हणाला, प्राध्यापकही तेच म्हणतात. मग कशाला येतोस माझ्याकडे, गाढवा!

आज त्याने लोखंडी दुशाखी काटा आणला होता. गुडघ्यावर आपटायचा आणि कानाशी धरायचा. आधी अग्लाइयाच्या कानाशी धरला, तिने मान हलवली, गुणगुणतोय म्हणे. माझ्या कानाशी धरला. काटा बिघडलेला होता. मग तोच काटा त्याने माझ्या कानामागच्या हाडावर टेकवला आणि डोक्यात मधमाश्यांचं पोळं उठलं. उचलून परत कानाशी धरला, पोळं गप्प.

मी म्हटलं, "काटा बिघडलाय."

कुणी काही बोललं नाही. अग्लाइयासुद्धा नाही, आणि ती तर झोपेतही बोलते.

१५ सप्टेंबर

आज काही नाही. लिहू नकोस.

२१ सप्टेंबर

लिही. सहा दिवस मी घंटांकडे बघतेय. ऐकायचं सोडून बघतेय. पुढच्या मेंढीची घंटा हलते, लोळी आत आपटते, मला दिसतं. गेली कितीतरी वर्षं मी बघूनच ओळखत असणार, आणि धुक्यात बघता येत नाही.

हे लाम्ब्रोसला सांगायचं नाही. तू तर विसरशीलच.

झीसिसला आज मी विचारलं, माझ्या कानातली ती रिकीब गोठलीय का? म्हणाला, तपासायला हवं, पण बहुतेक दोन्हीकडे. विचारलं, दुरुस्त होतं? म्हणाला, होतं, बहुतेक वेळा. "बहुतेक" हा शब्द या लोकांना शाळेत पहिला शिकवतात वाटतं.

३ ऑक्टोबर, इस्पितळ

मेंढरं खालच्या वाडीवाल्यांवर सोपवून आले. भिंती पांढऱ्या, सूप पांढरं, भात पांढरा. दिवसभर कानात नळ्या घालून, डब्यात बसवून तपासलं. डावा कान जास्त वाईट, म्हणून डाव्याचं आधी.

मग प्राध्यापक व्राकास आले. बुटके, चकचकीत, हातात कागद. कागदाकडे बघून बोलले. ओठ मिशीखाली. मी मान हलवली. पुन्हा काही बोलले, मी पुन्हा मान हलवली. मग अंगठा हवा होता, दिला. शाई चांगली होती, अजून जात नाही.

अग्लाइया, तू होतीस कुठे तेव्हा? काय म्हणालीस, पेरू? कसले पेरू? आपण डाळिंबं आणली होती. बघ.

५ ऑक्टोबर

आज सकाळी झीसिस आला, खाटेवर बसला, खाट वाकली. तोंड खिडकीकडे करून काहीतरी पुटपुटला. मी मान हलवली. पुन्हा पुटपुटला. मी पुन्हा हलवली. अग्लाइया हसून हसून उशीत तोंड खुपसून बसली. नंतर तिने ओरडून सांगितलं, "पहिल्यांदा विचारलं, तुझी मेंढरं मी चोरून नेऊ का? दुसऱ्यांदा विचारलं, आजी, माझ्याशी लग्न करशील का? तू दोन्हीला हो म्हणालीस!"

झीसिस हसला नाही. त्याने गळ्यातला स्टेथोस्कोप काढला, त्याची टोकं माझ्या कानात घातली आणि खालची चकती तोंडाशी धरून हळू बोलला. डोक्याच्या मधोमध माणूस बसल्यासारखा आवाज. इतका जवळचा आवाज मी नवरा गेल्यानंतर ऐकलेला नाही.

"आजी, परवा तू अंगठा दिलास तो कशाला?"

"ऑपरेशनला."

"कोण करणार?"

"ते मिशीवाले."

"नाही. मी करणार. ते शेजारी बसून बघणार. तेच त्यांनी तुला विचारलं होतं, आणि तू मान हलवलीस."

मी शाईच्या अंगठ्याकडे पाहिलं.

"जिवंत माणसावर माझं हे पहिलंच असेल," तो चकतीत म्हणाला. "मेंढ्यांचे चौसष्ट कान उघडले. पंधरा बिघडवले. शेवटच्या सोळांत एकच बिघडला. प्राध्यापकांच्या हातून शंभरात एखादीचा कान कायमचा जातो. माझ्या हातून दोघींचा जाईल, तिघींचा जाईल, मला माहीत नाही. शिवाय चक्कर राहू शकते. तुला नको असेल तर आत्ता नाही म्हण. कागद मी फाडतो. ते स्वतः करतील, पण त्यांची पुढची तारीख नव्या वर्षानंतरची आहे."

"आणि तुझं काय होईल?"

"मला पुन्हा टॉन्सिलवर बसवतील."

नवं वर्ष. तोवर कळप गेलेला. आता हो म्हणावं तर कान या अस्वलाच्या पंजात, नाही म्हणावं तर मेंढरं दुसऱ्याच्या दावणीला. मी विचारलं, "प्राध्यापकाला माहीत आहे, तू मला हे सांगतोयस?"

"नाही."

"सांगितलं तर?"

"म्हणतील, म्हातारीने मान हलवली होती ना."

बघा माणसं. एक न ऐकणारी मान हलवते आणि दुसरा त्याला हो समजतो, कारण त्याला तेच हवं असतं. मी त्याला म्हटलं, उद्या सांगते.

६ ऑक्टोबर

भीती वाटते. अग्लाइया, हे ओढून खोड, नाही तर राहू दे. कान पूर्ण गेला तर? चक्कर राहिली तर डोंगरावर काय, चुलीपर्यंतही जाता येणार नाही. मग लाम्ब्रोसच्या घरी खिडकीत बसायचं, कुंडीसारखं, सून पाणी घालील.

पण एक गोष्ट आहे. सत्तर वर्षांत मला न ऐकलेल्या गोष्टीबद्दल परत येऊन, आपणहून, कुणी दुसऱ्यांदा विचारलेलं नाही. नवऱ्यानेही नाही. सगळे मान हलली की पुढे गेले.

त्याला बोलावलं. म्हटलं, "कर. पण करंगळी टेकव. आणि पंधरा बिघडवले ते मला सांगितलंस, तसं सोळावा बिघडला तरी तूच येऊन सांगायचं, मिशीवाल्याला पाठवायचं नाही."

अंगठा पुन्हा दिला. या वेळी काय लिहिलंय ते वाचून घेतलं, नळ्या कानात घालून.

७ ऑक्टोबर

झोपवत नाहीत. कान तेवढा सुन्न करतात आणि तोंडावर हिरवं फडकं. मेलेल्या मेंढीला निदान काही कळत नाही.

आधी काहीच ऐकू आलं नाही. मग भोक पाडायला त्यांनी बारीक चक्र लावलं, आणि हाडातून असा आवाज आला जशी वितळत्या बर्फाची नदी डोक्यातून चालली आहे. मग जग गरकन फिरलं. मी खाटेची कड धरली. हलले नाही. हलले असते तर तो सोळावा माझा असता.

मग थांबणं. फार वेळ. माझ्या गालाच्या हाडावर काहीतरी टेकलेलं होतं, एकच बोट. ओळखलं मी कोणतं.

आणि मग, लिही अग्लाइया, नीट लिही, फडक्यापलीकडे कुणीतरी नाकातून श्वास सोडला. मला ऐकू आला. धातूचा चिमटा ताटलीत ठेवल्याचा ठण्ण आवाज. कुणाच्या तरी बुटाची करकर. आणि एक पुरुष अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "अकरा मिनिटं घालवलीस कानातून जिभेकडे जाणाऱ्या त्या चवीच्या नसेसाठी. कापून मोकळं व्हायचं. मेंढरांमागच्या म्हातारीला चवीशी काय करायचंय?"

वीस वर्षांनी माझ्या डाव्या कानात पडलेलं पहिलं वाक्य हे.

मी फडक्याखालून म्हटलं, "माझ्या जिभेचं मी बघते, प्राध्यापक. तुम्ही तुमच्या जिभेचं बघा."

एक नर्स खोकली, पण तो खोकला नव्हता. झीसिस हळूच म्हणाला, "आजी, परत म्हणून दाखव, मी काय बोलतोय ते. सतरा. बेचाळीस." मी सांगितलं. "नव्वद." सांगितलं. त्याचा आवाज मध्येच फाटला. एवढा मोठा माणूस, आवाज बघा, कोकराचा. बोट मात्र हललं नाही.

मग कानात बोळा कोंबला आणि पुन्हा लोकरीच्या पोत्यात टाकलं मला.

१५ ऑक्टोबर

आज लिहिणारा हात वेगळा आहे. अग्लाइया गावी गेली, चीजची पिंपं बघायला. पिंपं कुठे ठेवलीत हे तिला आठवत नसेल, पण वासाने सापडतील. म्हणून आज लिहितोय डॉक्टर झीसिस. लिही, डॉक्टर. स्वतःबद्दलचंही लिही. "अस्वलाचे पंजे" मागच्या पानांवर आहे ते वाचलंस का? वाचलंस. लाल झालास. छान.

सकाळी बोळा काढला. कागद चुरगळला तरी वीज पडल्यासारखं वाटतं. बाजूच्या खाटेवरची बाई जेवताना जी चपचप करते, ती ऐकून वाटलं, बहिरेपणातही काही सुखं होती. चालताना अजून डावीकडे झुकते. झीसिस म्हणतो, जाईल. "बहुतेक" म्हणाला नाही.

दुपारी लाम्ब्रोस आला. मी डोळे मिटून पडले होते. जिन्यातच ओळखलं, पण पावलांवरून नाही. छातीवरून. दोन मजले चढून आला आणि छातीतून अशी शिट्टी, जशी भोक पडलेल्या फुंकणीतून येते. खुर्चीत बसला तरी थांबेना. मी डोळे उघडले.

"हे कधीपासून?"

"काय?"

"तुझ्या छातीतलं."

तो म्हणाला, "दोन वर्षं होतील. तुला ऐकू यायला लागलं वाटतं."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"वेळ कुठे आहे, आई? दुकान आणि दर तिसऱ्या दिवशी तुझा डोंगर."

रस्ता संपतो तिथून वर एक तासाची चढण आहे. पीठ, मीठ, कुत्र्यांची भाकरी पाठीवर घेऊन तो दर तिसऱ्या दिवशी ती चढतो, कारण टेलिफोन वाजला तर मला ऐकू येत नाही, अग्लाइयाला निरोप आठवत नाही, आणि मी जिवंत आहे का हे बघायला दुसरा मार्ग नाही. वर आला की दाराशी उभा राहून दम खायचा आणि मी म्हणायचे, काय घुम्यासारखा उभा आहेस, बोल की. बोलायला श्वास नव्हता त्याच्याकडे. मला वाटायचं, कळप विकायची घाई त्याला दुकानापायी आहे.

मी त्याला म्हटलं, "अर्धा कळप विक."

"आई, तसं नाही, आता तुला ऐकू येतंय तर..."

"माझी चाल बिघडली आहे, दिसत नाही का? डावीकडे झुकणारी बाई एवढ्या मेंढरांमागे कशी धावणार? माझ्या सोयीसाठी विकतेय, तुझ्या छातीसाठी नाही. उरलेली सव्वीसला खाली उतरतील आणि त्यांच्या पुढे मी. तू ट्रकमध्ये बसून ये, काचा लावून. आणि आज इथून बाहेर पडण्याआधी या डॉक्टरबरोबर छातीवाल्याकडे जा. तो खालच्या मजल्यावर बसतो. जिना उतरताना शिट्टी वाजवू नकोस, रोगी घाबरतील."

त्याला सर्दी झाली असावी. नाक फार ओढत होता. तुझंही काय रे, डॉक्टर, तुलाही सर्दी? लिही, गप्प बस.

आता अग्लाइयासाठी निरोप. तू लिहितोयस, पण तुझ्यासाठी नाही, तेव्हा कान बंद ठेव.

अग्लाइया, इथलं सगळं मला अर्धं लागतं. जिभेच्या उजव्या बाजूला चव आहे, डाव्या बाजूला नुसतं गंजलेलं लोखंड. डॉक्टर म्हणतो, ती नस त्याने कापली नाही, बाजूला सारली, काही आठवड्यांत जागी होईल. प्राध्यापक कालपासून दारातून बघून जातात, आत येत नाहीत. मला खात्री करायची आहे. तेव्हा शनिवारच्या ट्रकने गालोतिरी पाठव, आपलं आंबट चीज, पण सूनबाईने केलेलं गोडमिट्ट नको. मी ऑगस्टच्या शेवटच्या दुधाचं लावलेलं, मातीच्या लहान मडक्यातलं, ज्याने तुझे डोळे मिटतात ते. रोज एक चमचा डाव्या बाजूला ठेवून बघेन. आंबट लागलं की प्राध्यापकांना बोलावून एक चमचा त्यांनाही देईन. मडकं भरून पाठव, झाकणाला फडकं बांध, आणि सोबत मक्याची भाकरी, जाड, आठ जणांना पुरेल एवढी, कारण हा लिहिणारा एकटाच चौघांचं खातो.